प्रारंभिक मेनफ्रेम संगणकांवरील आभासी यंत्रे आणि डिस्कवरील आदान-प्रदान : एक विवेचन

सारांश

एकाच संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक असल्याचा भास निर्माण करणारी आभासी यंत्रे आज ‘क्लाउड’ सेवांचा पाया समजली जातात. या यंत्रांचा पहिला पूर्ण आविष्कार मात्र १९६० च्या दशकात आयबीएम कंपनीच्या मेनफ्रेम संगणकांवर झाला. प्रस्तुत लेखात सीपी-४०, सीपी-६७ आणि व्हीएम/३७० या प्रणालींच्या आधारे आभासी यंत्राच्या डिस्कवरील आदान-प्रदानाची रीत उलगडून दाखविली आहे. प्रक्रियकाचा भास उभा करणे तुलनेने सोपे होते. खरी कसोटी लागली ती डिस्कच्या बाबतीत. कारण डिस्कशी व्यवहार करणारे चॅनल हे स्वतंत्र यंत्र होते आणि आभासी पत्त्यांची त्याला गंधवार्ताही नव्हती, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : आभासी यंत्र, मेनफ्रेम, चॅनल, मिनीडिस्क, व्हीएम/३७०, आदान-प्रदान.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन वर्गात आभासी यंत्र शिकविताना बहुधा फळ्यावर एक आकृती काढली जाते. तळाशी यंत्रसामग्री, तिच्यावर नियंत्रक आज्ञावली आणि त्यावर दोन-तीन चौकटींत निरनिराळ्या कार्यप्रणाली. आकृती बरोबर आहे. परंतु विचारी विद्यार्थ्याच्या मनात येणाऱ्या एका साध्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही. प्रत्येक कार्यप्रणाली डिस्क आपलीच समजून पहिल्या सिलिंडरपासून लिहू लागते, तर एकीचे लेखन दुसरीच्या लेखनावर का पडत नाही? या प्रश्नाचा माग काढीत गेल्यास आभासी यंत्राचे जवळजवळ सर्व मर्म हाती लागते.

हा विषय ज्या काळातला आहे त्या काळी आपल्या महाराष्ट्रात संगणक अगदीच नवखा नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा स्वदेशी बनावटीचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला होता आणि १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. अशा संगणकांवर त्या काळी काम चाले ते गठ्ठा पद्धतीने. छिद्रित पत्त्यांचा गठ्ठा संगणक केंद्रात द्यावयाचा आणि आपली पाळी लागून निकाल छापून येईपर्यंत थांबावयाचे. एका स्वल्पविरामाची चूक झाली तरी हे सारे पुन्हा करावे लागे. ही प्रतीक्षा टाळून अनेकांना एकाच वेळी संगणकासमोर बसल्यासारखे काम कसे करता येईल, हा त्या दशकातील जगभरच्या संगणकशास्त्रज्ञांपुढील प्रश्न होता. त्याचे एक उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज या गावी शोधले गेले. प्रस्तुत विवेचन त्या उत्तराविषयी आहे.

२. लेखाची उद्दिष्टे व मर्यादा

(१) मेनफ्रेम संगणकावरील डिस्क-व्यवहाराची मूळ रीत स्पष्ट करणे. (२) आभासी यंत्रामुळे त्या रीतीत कोणत्या अडचणी आल्या व त्या कशा सोडविल्या गेल्या, हे उदाहरणासह मांडणे. (३) या सोडवणुकीची किंमत व तिच्यातील कच्चे दुवे दाखविणे. (४) आजच्या अध्यापनाशी या इतिहासाचा संबंध जोडणे. लेखाचे स्वरूप विवरणात्मक असून तो आयबीएमच्या सिस्टिम/३६० व सिस्टिम/३७० या संगणकांपुरता मर्यादित आहे.

३. सीपी-४० ते व्हीएम/३७० : संक्षिप्त पार्श्वभूमी

आयबीएमने १९६४ मध्ये केंब्रिज येथे एक वैज्ञानिक केंद्र स्थापन केले. नॉर्मन रासमुसेन त्याचे प्रमुख होते. तेथे रॉबर्ट क्रीझी व लेस कोमो यांच्या पुढाकाराने सीपी-४० ही प्रणाली सिद्ध झाली आणि जानेवारी १९६७ पासून ती प्रत्यक्ष वापरात आली. मुद्दाम फेरबदल करून पत्त्यांच्या रूपांतराची सोय बसविलेल्या सिस्टिम/३६० मॉडेल ४० या एकाच संगणकावर ती १४ आभासी यंत्रे चालवीत असे आणि प्रत्येकाला २५६ के बाइट स्मृती असल्याचा भास होई. तिचीच पुढची आवृत्ती मॉडेल ६७ साठीची सीपी-६७ ही होय. ती १९६८ मध्ये ग्राहकांना उपलब्ध झाली. २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने व्हीएम/३७० या नावाने हीच परंपरा अधिकृत उत्पादन म्हणून जाहीर केली.

या तिन्ही प्रणालींची मूळ कल्पना एकच होती. संगणकाला दोन अवस्था असतात. पर्यवेक्षक अवस्थेत सर्व आज्ञा चालतात. सामान्य अवस्थेत विशेषाधिकारी आज्ञा चालत नाहीत, त्या दिल्यास यंत्र अपवाद-संकेत देऊन थांबते. नियंत्रक आज्ञावली, म्हणजे सीपी, ही एकटीच पर्यवेक्षक अवस्थेत राहते. आभासी यंत्रात चालणाऱ्या कार्यप्रणालीला ‘अतिथी’ म्हणण्याचा प्रघात आहे. ही अतिथी कार्यप्रणाली स्वतःला पर्यवेक्षक समजत असली तरी तिला प्रत्यक्षात सामान्य अवस्थेतच चालविले जाते. बेरीज, वजाबाकी, तुलना या आज्ञा ती खऱ्या प्रक्रियकावर पूर्ण वेगाने चालविते. विशेषाधिकारी आज्ञा आली की अपवाद घडतो, सूत्रे सीपीकडे येतात आणि सीपी त्या आज्ञेचा परिणाम अतिथीपुरता घडवून आणते.

पोपेक व गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये कोणत्या संगणकावर आभासी यंत्र उभारता येईल याच्या औपचारिक अटी मांडल्या. विशेष लक्षणीय बाब अशी की, सोपेपणासाठी त्यांनी आपल्या प्रतिमानातून आदान-प्रदानाच्या आज्ञा वगळल्या होत्या. सिद्धांताने जी बाजू ठेवली तीच प्रत्यक्ष प्रणाली बांधणाऱ्यांच्या वाट्याला सर्वांत अधिक आली.

४. चॅनल : संगणकातील दुसरा संगणक

सिस्टिम/३६० मध्ये प्रक्रियक डिस्कशी थेट बोलत नसे. ते काम चॅनल नावाच्या स्वतंत्र यंत्रणेकडे होते. प्रक्रियकाने स्मृतीत चॅनलसाठी आज्ञांची एक यादी मांडून ठेवावयाची, त्या यादीचा पत्ता स्मृतीच्या ७२ क्रमांकाच्या ठराविक जागी लिहावयाचा आणि ‘स्टार्ट आय/ओ’ ही विशेषाधिकारी आज्ञा द्यावयाची. यानंतर चॅनल ती यादी स्वतः वाचून अमलात आणी आणि प्रक्रियक दुसऱ्या कामाला मोकळा होई. काम संपले की चॅनल आपला अहवाल ६४ क्रमांकाच्या जागी लिहून प्रक्रियकाला इंटरप्ट, म्हणजे व्यत्यय-संकेत, देत असे.

या यादीतील प्रत्येक आज्ञाशब्द ८ बाइटचा असे. त्यात काय करावयाचे ती आज्ञा, स्मृतीतील पत्ता, काही खुणा आणि किती बाइट हलवावयाचे ती संख्या असे. डिस्कवरील एक नोंद वाचण्यासाठी साधारणतः चार आज्ञाशब्द लागत :

(१) भुजा अमुक सिलिंडरवर न्या.
(२) फिरत्या ट्रॅकवर अमुक ओळखक्रमांकाची नोंद आली का, ते ताडून पाहा.
(३) आली नसल्यास मागे जाऊन पुन्हा दुसरी आज्ञा घ्या.
(४) आली असल्यास तिसरी आज्ञा ओलांडून ती नोंद स्मृतीत अमुक पत्त्यावर वाचा.

थोडक्यात, हा तुलना आणि उडी असलेला एक लहानसा कार्यक्रमच होता. म्हणूनच त्याला चॅनल आज्ञावली म्हणत. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. प्रक्रियकाच्या प्रत्येक पत्त्याचे आभासीतून वास्तवात रूपांतर करणारी यंत्रणा प्रक्रियकापाशी होती, चॅनलपाशी नव्हती. चॅनलला दिलेला पत्ता तो वास्तव पत्ताच समजे. अतिथीने मांडलेली यादी जशीच्या तशी चॅनलच्या हाती दिली असती, तर त्याने डिस्कवरील माहिती भलत्याच अतिथीच्या, किंवा प्रत्यक्ष सीपीच्या, स्मृतीत नेऊन ओतली असती.

५. मिनीडिस्क : डिस्कचे पोटहिस्से

स्मृतीच्या पत्त्यांआधी डिस्कवरील जागेचा विचार करू. १९७० मध्ये आलेल्या आयबीएम ३३३० या डिस्कच्या एका संचात वापरास ४०४ सिलिंडर असत. प्रत्येक सिलिंडरमध्ये १९ ट्रॅक आणि प्रत्येक ट्रॅकवर कमाल १३,०३० बाइट. एकूण क्षमता सुमारे १० कोटी बाइट. एवढी डिस्क प्रत्येक आभासी यंत्राला स्वतंत्र देणे परवडणारे नव्हते. म्हणून सीपीने एका डिस्कचे अनेक तुकडे पाडले. अशा तुकड्याला मिनीडिस्क म्हणतात. प्रत्येक वापरकर्त्याच्या नावे कोणत्या डिस्कवर कोणत्या सिलिंडरपासून किती सिलिंडर आहेत, याची नोंद सीपीच्या निर्देशिकेत असे. उदाहरणार्थ, ‘एमडिस्क १९१ ३३३० १०१ १०’ या नोंदीचा अर्थ असा : या वापरकर्त्याला १९१ या पत्त्यावर एक ३३३० डिस्क दिसेल, प्रत्यक्षात ती खऱ्या डिस्कवरील १०१ व्या सिलिंडरपासून सुरू होणारे १० सिलिंडर एवढीच असेल.

वऱ्हाडातील वाचकाला ही व्यवस्था शेताच्या नोंदीवरून चटकन उमगेल. एका सर्व्हे नंबरचे अनेक पोटहिस्से पडलेले असतात. प्रत्येक खातेदार संत्र्याच्या ओळी मोजतो त्या आपल्या धुऱ्यापासून. त्याची पाचवी ओळ संपूर्ण सर्व्हे नंबरात एकशे पाचवी असेल, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. कोणाचा धुरा कोठे, हे तलाठ्याच्या दप्तरात लिहिलेले असते. येथे सीपीची निर्देशिका म्हणजे ते दप्तर होय. फरक इतकाच की, सीपी केवळ नोंद ठेवून थांबत नाही. शेतात टाकलेले प्रत्येक पाऊल ती स्वतः तपासते.

सिलिंडरची मोजणी शून्यापासून होते. अतिथीने ‘भुजा ४ थ्या सिलिंडरवर न्या’ असे म्हटले की सीपी त्यात १०१ मिळवून भुजा १०५ व्या सिलिंडरवर नेते. अतिथीचा शेवटचा सिलिंडर ९ वा, म्हणजे वास्तवातील ११० वा. त्याने १२ वा मागितला तर मिळवणीने येणारा ११३ वा सिलिंडर शेजाऱ्याचा आहे. सीपी ती आज्ञा डिस्कपर्यंत पोहोचूच देत नाही. ती अतिथीला तीच चूक कळविते जी खऱ्या लहान डिस्कने कळविली असती : असा सिलिंडर या डिस्कवर नाही. प्रस्तावनेतील प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते.

एकच मिनीडिस्क अनेकांना केवळ वाचनासाठी जोडता येत असे. सीएमएस या एकवापरकर्ता कार्यप्रणालीची मूळ डिस्क १९० या पत्त्यावर सर्वांना दिसे. प्रत मात्र एकच असे. परस्परांच्या मिनीडिस्क परवलीच्या शब्दाने जोडून घेण्याचीही सोय होती. मात्र दोघांनी एकाच मिनीडिस्कवर एकाच वेळी लिहिण्यास घेतले, तर सीएमएसच्या फायलींची सूची बिघडत असे. सीपी धुरा राखत होती. एकाच धुऱ्याच्या आतील भांडण मिटविणे हे तिचे काम नव्हते.

६. एका वाचनाचा प्रवास

आता उरलेले अर्धे उत्तर, म्हणजे स्मृतीच्या पत्त्यांचा प्रश्न. समजा, अतिथीला आपल्या ४ थ्या सिलिंडरवरील ४,००० बाइटची एक नोंद आपल्या स्मृतीत १०,००० या पत्त्यापासून वाचावयाची आहे. त्याने वर सांगितल्याप्रमाणे चार आज्ञाशब्द मांडले आणि ‘स्टार्ट आय/ओ’ दिली. पुढे जे घडते ते टप्प्याटप्प्याने असे :

(अ) अपवाद. अतिथी सामान्य अवस्थेत असल्याने ही आज्ञा चालत नाही. सूत्रे सीपीकडे येतात. १९१ हे आभासी उपकरण कोणत्या खऱ्या डिस्कचा तुकडा आहे, हे सीपी पाहते.

(आ) प्रत. सीपी अतिथीची संपूर्ण चॅनल आज्ञावली आपल्या स्मृतीत उतरवून घेते. चॅनलला पुढे जी दिली जाते ती ही प्रत. अतिथीने लिहिलेली मूळ यादी चॅनल कधीच पाहत नाही. तिसऱ्या आज्ञाशब्दातील ‘मागे जा’ या उडीचा पत्ताही मूळ यादीकडून प्रतीकडे वळवावा लागतो. अन्यथा पहिल्याच उडीला चॅनल भलत्या स्मृतीत जाऊन पडेल.

(इ) पृष्ठे आणणे व खिळविणे. आभासी स्मृती ४,०९६ बाइटच्या पृष्ठांत विभागलेली असते. शून्यापासून मोजता १०,००० हा पत्ता २ ऱ्या पृष्ठात येतो. ४,००० बाइट मात्र त्या पृष्ठाच्या शेवटी, १२,२८७ व्या पत्त्यावर संपत नाहीत, ते ३ ऱ्या पृष्ठात शिरतात. ही दोन्ही पृष्ठे त्या क्षणी स्मृतीत नसतील तर सीपी ती आधी आणते आणि काम संपेपर्यंत जागेवर खिळवून ठेवते. नोंद येत असतानाच पृष्ठ बाहेर काढले गेले आणि ती चौकट दुसऱ्या अतिथीला दिली गेली, तर एकाची माहिती दुसऱ्याच्या पदरात पडेल.

(ई) पत्त्यांचे रूपांतर. समजा, २ रे पृष्ठ वास्तव स्मृतीच्या ५७ व्या चौकटीत आणि ३ रे २१ व्या चौकटीत आहे. अतिथीच्या दृष्टीने सलग असलेली जागा वास्तवात दोन ठिकाणी विखुरली आहे. पहिले २,२८८ बाइट २,३५,२८० या वास्तव पत्त्यापासून आणि उरलेले १,७१२ बाइट ८६,०१६ पासून ठेवावे लागतील. सीपी-६७ च्या काळी यासाठी एका वाचन-आज्ञेचे साखळीने जोडलेले दोन आज्ञाशब्द करीत. पण डिस्क फिरत असताना मधेच नवा आज्ञाशब्द उचलण्यास चॅनलला वेळ पुरला नाही तर वाचन फसण्याचा धोका असे. सिस्टिम/३७० मध्ये म्हणून अप्रत्यक्ष पत्त्यांची सोय झाली. आज्ञाशब्द एकच राहतो. त्यात पत्त्याऐवजी पत्त्यांच्या सूचीचा निर्देश असतो. सूचीतील प्रत्येक पत्ता २,०४८ बाइटच्या सीमेपर्यंत चालतो. आपल्या उदाहरणात सूचीत तीन पत्ते येतील : २,३५,२८० (२४० बाइट), २,३५,५२० (२,०४८ बाइट) आणि ८६,०१६ (१,७१२ बाइट). बेरीज बरोबर ४,००० होते.

(उ) रांग. त्याच डिस्कवर इतर मिनीडिस्कवाल्यांच्याही मागण्या असतात. प्रत्येक अतिथी भुजेची हालचाल आपल्यापुरती आखतो. पण त्याच्या दोन मागण्यांच्या दरम्यान भुजा दुसऱ्यासाठी कोठेतरी गेलेली असते. म्हणून मागण्यांची रांग सिलिंडरच्या क्रमाने लावण्याचे काम सीपीलाच करावे लागते. पाळी आली की सीपी खरी ‘स्टार्ट आय/ओ’ देते आणि तोवर प्रक्रियक दुसऱ्या आभासी यंत्राला देऊन टाकते.

(ऊ) परतीचा प्रवास. काम संपल्याचा इंटरप्ट प्रथम सीपीला मिळतो. चॅनलच्या अहवालात शेवटच्या आज्ञाशब्दाचा जो पत्ता असतो तो प्रतीतील असतो. सीपी तो उलट रूपांतर करून अतिथीच्या मूळ यादीतील पत्ता करते, अहवाल अतिथीच्या स्मृतीतील ६४ क्रमांकाच्या जागी लिहिते, खिळविलेली पृष्ठे मोकळी करते आणि अतिथीने इंटरप्ट घेण्याची तयारी दाखविली असेल तेव्हाच तो त्याच्यापर्यंत पोहोचविते.

अतिथीच्या दृष्टीने पाहिले तर त्याने एक आज्ञा दिली व काही वेळाने उत्तर आले, एवढेच घडले.

७. भासाची किंमत

३३३० डिस्कवर भुजा हलण्यास सरासरी ३० मिलिसेकंद, नोंद फिरून समोर येण्यास सरासरी सुमारे ८ मिलिसेकंद आणि ४,००० बाइट वाचण्यास सुमारे ५ मिलिसेकंद लागत. म्हणजे एका वाचनास ४३ मिलिसेकंदांच्या आसपास. वर वर्णन केलेल्या भाषांतराने या काळात मोठी भर पडत नसे. किंमत पडे ती प्रक्रियकावर, आणि प्रक्रियक तर सर्वांच्या सामाईक मालकीचा. एकाने वारंवार डिस्क वापरली की तिच्या भाषांतराचा भार सर्व शेजाऱ्यांना सोसावा लागे. आभासी यंत्र मंद का, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच गणितापेक्षा आदान-प्रदानात अधिक सापडते.

काही ठिकाणी भास तुटतच असे. वाचन सुरू असताना आपल्याच चॅनल आज्ञावलीत बदल करणारे कार्यक्रम त्या काळी प्रचलित होते. अतिथी बदल करी तो मूळ यादीत. चॅनल मात्र सीपीची प्रत वाचत असे. बदल त्याच्यापर्यंत पोहोचतच नसे. म्हणून असे कार्यक्रम व्हीएम/३७० वर सर्वसाधारणपणे चालत नाहीत, अशी मर्यादा स्पष्टपणे घालावी लागली आणि इंडेक्स्ड फायलींच्या एका प्रचलित पद्धतीसाठी निर्देशिकेत खास पर्याय ठेवावा लागला.

अतिथी स्वतःच आभासी स्मृती वापरणारा असेल तर आणखी एक विसंगती उद्भवे. तो एखादे पृष्ठ आपल्या डिस्कवर लिहावयास काढी; नेमके तेच पृष्ठ सीपीने आधीच बाहेर काढलेले असे. मग केवळ पुन्हा बाहेर लिहिण्यासाठी ते आधी आत आणावे लागे. एकाच कामासाठी तीन फेऱ्या.

८. तडजोड : अतिथीला सत्य सांगणे

या अडचणींवर दोन दिशांनी उपाय झाले. पहिला उपाय भाषांतर टाळण्याचा. एका, आणि एकाच, आभासी यंत्राची स्मृती वास्तव स्मृतीत त्याच पत्त्यांवर कायम बसवावयाची. अपवाद फक्त शून्याव्या पृष्ठाचा, कारण ते सीपीला लागते. पत्ते तेच असल्याने चॅनल आज्ञावलीचे रूपांतर बंद ठेवता येई. वेग वाढे, पण त्या अतिथीवर पूर्ण विश्वास टाकावा लागे आणि तेवढी स्मृती इतरांना कायमची मुकावी लागे.

दुसरा उपाय अधिक दूरगामी ठरला. अतिथीला आपण आभासी आहोत हे ठाऊक असू द्यावयाचे आणि त्याने खोट्या यंत्राशी व्यवहार करण्याऐवजी थेट सीपीकडे मागणी करावयाची. यासाठी ‘डायग्नोज’ ही यंत्रतपासणीची आज्ञा निवडली गेली. तिचा अर्थ प्रत्येक मॉडेलवर वेगळा असल्याने सामान्य कार्यक्रम ती वापरीत नसत. म्हणून सीपीशी बोलण्यास ती मोकळी होती. व्हीएम/३७० मधील सीएमएस आपल्या ८०० बाइटच्या डिस्क-खंडांसाठी हीच वाट वापरी. मागणी ठराविक साच्याची असल्याने भाषांतर सोपे होई, आणि काम पूर्ण झाल्यावरच अतिथी पुढे सरकत असल्याने इंटरप्टचा खटाटोपही वाचे. ओएस/व्हीएस१ या कार्यप्रणालीलाही सीपीशी अशीच हातमिळवणी करण्याची सोय देऊन दुहेरी पृष्ठव्यवहार टाळण्यात आला.

याचाही मोबदला द्यावा लागला. सीपी-६७ च्या काळातील सीएमएस प्रत्यक्ष संगणकावर एकट्यानेही चालू शके. व्हीएम/३७० मधील सीएमएसला ते शक्य राहिले नाही. वेग मिळाला, स्वातंत्र्य गेले.

९. सुरक्षिततेचा कच्चा दुवा

धुरे राखण्याची ही व्यवस्था कितपत अभेद्य होती? अटानासिओ, मार्कस्टाइन व फिलिप्स यांनी व्हीएम/३७० भेदण्याचा पद्धतशीर प्रयत्न करून १९७६ मध्ये ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांना आढळलेल्या बहुतेक कमकुवत जागा आदान-प्रदानाशी निगडित होत्या. तद्वतच रचनेतील साधेपणा हेच प्रणालीचे सर्वांत मोठे संरक्षण असल्याचे त्यांना दिसून आले. वरील सहा टप्पे पाहिल्यावर यात आश्चर्य वाटत नाही. चॅनल आज्ञावली हा अतिथीने लिहिलेला कार्यक्रम आहे, त्यात उड्या आहेत, साखळ्या आहेत आणि तो चालविणारे यंत्र प्रक्रियकाच्या नजरेआड स्वतंत्रपणे काम करते. अशा कार्यक्रमाची प्रत्येक शक्यता आधीच तपासणे कठीण असते. तपासलेली गोष्ट आणि प्रत्यक्ष वापरलेली गोष्ट एकच असावी, म्हणून प्रत काढण्याचा नियम किती मोलाचा होता, हेही यावरून स्पष्ट होते.

१०. आजचा संदर्भ व अध्यापनातील उपयोग

व्हीएम/३७० चा वारसा आज आयबीएमच्या झेड/व्हीएम या प्रणालीत चालू आहे आणि मिनीडिस्क ही संज्ञाही तेथे टिकून आहे. परंतु या इतिहासाचे महत्त्व आयबीएमपुरते नाही. लिनक्सवरील आभासी यंत्रांसाठी रस्टी रसेल यांनी २००८ मध्ये मांडलेली ‘व्हर्टआयओ’ पद्धती अतिथीला आपण आभासी असल्याचे कळू देते आणि खोट्या डिस्कऐवजी थेट नियंत्रकाशी व्यवहार करावयास लावते. तत्त्वतः ती डायग्नोजचीच वाट होय. आधुनिक प्रक्रियकांसोबत येणारे आयओएमएमयू हे एकक उपकरणांच्या पत्त्यांचे रूपांतर यंत्रातच करते. सीपीला जे काम प्रत्येक वेळी आज्ञावलीद्वारे करावे लागे, ते आता चॅनलच्या जागी आलेल्या उपकरणांसाठी यंत्रसामग्री करते.

अध्यापनाच्या दृष्टीने दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, वर्गात आभासी यंत्राची आकृती काढल्यावर सहाव्या विभागातील उदाहरणासारखे एक वाचन विद्यार्थ्यांकडून आकड्यांसह सोडवून घ्यावे. भागाकार व बेरीज एवढ्याच भांडवलावर ते सुटते आणि पृष्ठ, चौकट, इंटरप्ट, विशेषाधिकार या एरवी सुट्या पाठ होणाऱ्या संज्ञा एका धाग्यात ओवल्या जातात. दुसरी, १९९९ मध्ये रॉजर बोलर यांनी सुरू केलेले ‘हर्क्युलिस’ हे सॉफ्टवेअर साध्या वैयक्तिक संगणकावर सिस्टिम/३७० चे अनुकरण करते व विनामूल्य मिळते. त्यावर व्हीएम/३७० ची सहावी आवृत्ती चालविता येते. महागड्या प्रयोगशाळेची सोय नसलेल्या ग्रामीण महाविद्यालयातही विद्यार्थी स्वतःच्या मिनीडिस्कची नोंद करून, ती जोडून, तिच्या सीमा पारखून पाहू शकतो.

११. निष्कर्ष

(१) प्रारंभिक आभासी यंत्रांत प्रक्रियकाचे अनुकरण अपवाद-संकेताच्या आधारे सहज साधले. डिस्कवरील आदान-प्रदानासाठी मात्र अतिथीच्या चॅनल आज्ञावलीची प्रत, रूपांतर, पृष्ठबंधन, सीमातपासणी व अहवालाचे उलट रूपांतर करावे लागले.

(२) या कष्टांचे मूळ कारण एकच होते. चॅनल स्वतंत्रपणे स्मृतीत लिहू-वाचू शकत होते, परंतु त्याला आभासी पत्ते कळत नव्हते.

(३) या व्यवस्थेचा भार डिस्कपेक्षा सामाईक प्रक्रियकावर पडला आणि तिच्या सुरक्षिततेतील बहुतेक उणिवाही याच क्षेत्रात आढळल्या.

(४) संपूर्ण भास टिकविण्यापेक्षा अतिथीला मर्यादित सत्य सांगून त्याचे सहकार्य घेणे अधिक कार्यक्षम ठरले. हा धडा व्हीएम/३७० ने १९७० च्या दशकात घेतला आणि आजच्या क्लाउड सेवांतील आभासी डिस्कही त्याच धड्यावर उभ्या आहेत. ज्या विद्यार्थ्याला एका वाचनाचा हा प्रवास समजला, त्याला क्लाउडमधील आपली माहिती शेजाऱ्याच्या माहितीपासून कशामुळे वेगळी राहते आणि ती सीमा कोठे ढासळू शकते, हे दोन्ही सांगता येईल.